नऊ गोण्यांचा समुद्र

सिल्वासा, १९ नोव्हेंबर १९८९

राजाभाऊ,

तुमच्या चाकात दोष नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण गेल्या अठरा दिवसांत मी ते चाक चार वेळा उघडलं, चार वेळा बसवलं आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या. त्या परत घेतो. पुढे दुसऱ्या कारणासाठी लागल्या तर बघू.

झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटी शेठनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. पाणी खात्याची शिरखाडीची ऑर्डर पक्की होत आली आहे. डहाणूच्या खाली समुद्रकाठी मच्छीमारांचं गाव आहे ते, फेब्रुवारी लागला की विहिरी खारट होतात. तिथे आपलं यंत्र समुद्राचं पाणी गोड करून देणार. जूनमध्ये आपण दोघांनी सही करून दिली होती, की हजार लिटर गोड पाण्याला चार पूर्णांक एक युनिट वीज लागते. तुम्ही चाकाचे कर्ते म्हणून आणि मी चाचणी विभागाचा फोरमन म्हणून. या वेळी आकडा आला पाच पूर्णांक नऊ. मला वाटलं चाक घासलं. बेअरिंग बदललं, पाच पूर्णांक नऊ. सील बदललं, पाच पूर्णांक नऊ. आपला सुकदेव फिटर म्हणाला, "साहेब, मीटरले बी एकच पाढा येस वाटतं."

मग चिमाबाई बोलली. टाकीत मीठ ढवळणारी ती, साक्री तालुक्यातली, आमच्याच बाजूची. काठावर उभी राहून लाकडी वल्ह्याने ढवळते, ओठांवर थेंब उडतात, पुसत नाही. म्हणाली, "भाऊ, आते पानी खारं शे. जूनमा इतलं नई व्हतं."

म्हटलं, म्हणजे?

"तवय गोन्या ढिल्या व्हत्यात ना. लोनचासाठे मीठ गयं."

आता तुम्ही खुर्चीत नीट बसा. वीस हजार लिटरच्या टाकीत सातशे किलो मीठ घातलं की आपला समुद्र तयार. पन्नास किलोची एक, अशा चौदा गोण्या. आपण गोण्या मोजल्या, राजाभाऊ. वजन कोणी केलं नाही. खारेपणा मोजायचं मीटर मुंबईला दुरुस्तीला गेलं होतं, ते अजून तिथेच आहे. आणि मे महिन्यात आमलीत कामगारांच्या प्रत्येक खोलीत लोणची, पापड, कुरडया चालू. चाळीस कामगार, घरटी सहा किलो धरा. प्रत्येक गोणीतून थोडं थोडं काढून तोंड पुन्हा नीट शिवून ठेवलेलं. सातशेच्या जागी साडेचारशे उरलं असेल. मीठ कमी तर पाणी मीठ अडवणाऱ्या पडद्यातून ढकलायला दाब कमी, दाब कमी तर वीज कमी. हे तुम्हीच मला शिकवलंत. तर आपला तो विक्रम आमलीच्या लोणच्यात मुरतो आहे.

पण पुढचं महत्त्वाचं. चाक नसेल तर याच पाण्याला साडेआठ युनिट लागतात, मी मोजून पाहिलं. शंभर लिटरमधलं तीस लिटर गोड होऊन पडद्यापलीकडे जातं, उरलेलं सत्तर लिटर खारं पाणी पुरता दाब घेऊन तसंच राहतं, आणि सगळे लोक ते व्हॉल्वमधून किंचाळत गटारात सोडून देतात. तुमचं चाक तो दाब अंगावर घेतं आणि पंपाला हातभार लावतं. साडेआठवरून पाच पूर्णांक नऊ! हे काय कमी आहे?

म्हणून एक करा. कंपनीला दोन ओळी लिहा, जूनची चाचणी चुकली, आकडा पाच पूर्णांक नऊ धरावा. चाक तुमचं आहे, तुमच्या शब्दाला इथे वजन आहे. शिरखाडीची मोटार अजून मागवलेली नाही. आता सुधारलं तर कोणाचंच काही बिघडत नाही.

तुमचा,
भगवंत देवरे


सिल्वासा, १४ जानेवारी १९९०

राजेंद्रसाहेब,

तुमचं पत्र आणि पिशवी शेजारच्या नवनाथच्या मेहुण्याने मस्कतहून आणून दिली. बदाम, अत्तराची कुपी, दोन साबण. साबणाला इतका वास आहे की बायकोने, कुसुमने, तो आमच्या डोकमर्डीच्या खोलीबाहेर खिडकीत ठेवला. ती म्हणते, असला वास येणारा माणूस काहीतरी झाकत असतो. मी तिला गप्प केलं.

मी दोन ओळी मागितल्या होत्या, तुम्ही अडीच पानं लिहिलीत. मस्कतची हवा, तिथले रस्ते, फ्लॅटमधलं थंड यंत्र. आणि शेवटी, "फरक किरकोळ आहे, प्रत्यक्ष जागेवर ॲडजस्ट होऊन जातो. इथे तर तेल जाळून समुद्र उकळतात, वीज कोण मोजतं?" ते वाक्य वाचून मला खरोखर किळस आली. दोन वर्षं याच शेडमध्ये तुम्ही एकेका युनिटसाठी माझ्याशी भांडत होतात. हाताला मिठाने चिरा पडल्या तरी खोबरेल चोळून पुन्हा उभे राहायचात. तेव्हा तुमच्या लेखी वीज मोजण्यासारखी होती.

डिग्रीवाल्याला गुणाकार सांगायचा म्हणजे माझीच लाज, पण सांगतो. शिरखाडीचं यंत्र तासाला दोन हजार लिटर देणार. तुमच्या आकड्याने तासाला आठ युनिट आणि थोडी. म्हणून साडेबारा हॉर्सपॉवरची मोटार ठरली आहे, जी सव्वानऊच्या वर ओढत नाही. खऱ्या आकड्याने लागतात जवळजवळ बारा. मग ही मोटार तिथे काय ॲडजस्ट करणार?

मी वर शेठकडे गेलो होतो. ते मुंबईहून गुरुवारी येतात, सह्या करतात, संध्याकाळी जातात. या भागात कर माफ म्हणून अर्धे कारखाने तसेच आहेत, पाटी मोठी आणि आत पॅकिंग. निदान आपल्याकडे खरोखर काहीतरी बनत होतं, याचा मला अभिमान वाटायचा. त्यांच्या खिडकीतून दमणगंगा दिसते, पात्र भरून गोड पाणी. आणि खाली आम्ही समुद्र कालवत बसलेलो.

सगळं सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाले, "भगवंतभाई, चार पॉइंट एक छप गया है. हवे पाछुं ना खेंचाय." आता मागे घेता येणार नाही म्हणे.

मी म्हटलं, खोटं आहे ते.

"तो सच लिखो. पूरा लिखो. नमक किसने चुराया, नाम लिखो. चिमाबाई, सुकदेव, गोकुळ, जितने हैं सब. पुलिस को मैं बुलाता हूँ."

मी एकही नाव दिलं नाही. मग त्यांनी पुढची पद्धत सांगितली. पाणी खात्याचा साहेब यंत्र पास करायला येईल तेव्हा टाकीत जूनइतकंच मीठ पडलं पाहिजे, म्हणजे नऊ गोण्या. उरलेल्या पाच रिकाम्या करायच्या आणि सगळी चौदा पोती साहेबाला दिसतील अशी रचून ठेवायची. जी चूक आमच्या बायकांनी लोणच्यासाठी केली, ती आता कंपनीची रीत होणार! आणि जाताना मला म्हणतात, "कंपनी का नमक खाया है आपने." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी स्पष्ट सांगितलं, नऊ गोण्यांवर मी सही करणार नाही.

म्हणून पुन्हा मागतो. तुमच्या नावाने पत्र आलं तर चोरीचा विषयच निघत नाही. चाकाचा कर्ता म्हणतो आकडा चुकला, संपलं. चाळीस घरं वाचतात आणि शिरखाडीला बरोबर मोटार जाते. बदाम नकोत, ते पत्र पाठवा.

भगवंत


सिल्वासा, २७ मे १९९०

श्री. राजेंद्र यांस,

पत्र आलं नाही. धरून चालतो की टपालात हरवलं. असं धरून चालायला मला हल्ली जमतं.

फेब्रुवारीत यंत्र पास झालं. सगळं रीतसर झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खात्याचे साहेब आले, पोती मोजली, मीटर पाहिला आणि नंतर शेठच्या गाडीत बसून बाटल्यांच्या दुकानांकडे गेले. रविवारी सारा गुजरात इथे प्यायला येतो, त्या गर्दीत एक साहेब जास्त झाला.

परवा शिरखाडीला उद्घाटन होतं. मांडव, नारळ, बेंजो. पंपाच्या खोलीबाहेर पन्नास-साठ बाया हंडे घेऊन सकाळपासून उन्हात बसलेल्या. बटण दाबलं. अकरा मिनिटं यंत्र चाललं आणि मोटार पडली, जास्त भाराने आपोआप बंद. पुन्हा चालू केलं, पाच मिनिटांत पडली. मोटारीला हात लावला तर चटका बसत होता. पाहुणे घड्याळ बघायला लागले. मग आपल्या कंपनीच्या माणसाने गावातल्या ऑपरेटरला, काळू नाव त्याचं, एक युक्ती शिकवली. व्हॉल्व ढिला कर, दाब उतरव, म्हणजे मोटार पडणार नाही. दाब उतरला. मोटार चालू राहिली. पाणी करंगळीएवढ्या धारेने यायला लागलं, आणि तेही खारट. इतक्या कमी दाबाला पडद्यातून गोड पाणी थोडं येतं आणि मीठ मात्र झिरपतच राहतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पहिला पेला पाहुण्यांनी फोटोसाठी प्यायला. घोट घेतला, चेहरा तसाच ठेवला, म्हणाले, "फार छान." त्यांनी गिळलं कसं कोण जाणे. दुसरा पेला रांगेत पहिल्या बसलेल्या जयाबाईला दिला. तिने चूळ भरून टाकली आणि सरळ म्हणाली, "हा तर आमच्या बावीचाच पानी हाय. बावीत काय मशीन नाय." बाया हसल्या. आमची माणसं पण हसली, काय करणार.

नंतर जेवण होतं. श्रीखंड होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. का खाल्ल्या ते मला विचारू नका, वाढलं आणि खाल्लं.

नव्या मोटारीबद्दल मी शेठना विचारलं. ते म्हणाले, मोठी मोटार दिली तर आकडा खोटा होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. बरोबर आहे त्यांचं. एकदा चार पूर्णांक एक म्हटल्यावर शिरखाडीने चार पूर्णांक एकमध्येच पाणी प्यायला पाहिजे.

भगवंत देवरे


सिल्वासा, २ ऑगस्ट १९९१

राजेंद्र,

तुमच्या सत्काराचं कात्रण मिळालं. कोट छान दिसतो. खाली छापलंय, या भारतीय अभियंत्याने समुद्राचं पाणी गोड करण्याची वीज अर्ध्यावर आणली, चार पूर्णांक एक. मी ते कात्रण चाचणी शेडमध्ये लावणार होतो. चिमाबाईने विचारलं कोणाचा फोटो. सांगितलं. वल्हं खाली ठेवून ती म्हणाली, "ह्या साहेबले मी तवयच सांगेल व्हतं."

म्हटलं, काय सांगितलं होतंस?

"पानी खारं नई शे म्हनीसन. चाचनीना दिवशीच. त्यास्नी बोट बुडाडं, चाखं, आन् हसनात. बोलनात, आज समुद्र गोड शे, चिमाबाई, काम कर."

म्हणजे तुम्ही चाखलं होतं. जूनमध्ये. सही करण्याच्या आधी. आणि पुढच्या आठवड्यात मस्कतवाल्यांची मुलाखत होती. मी अठरा दिवस चाक उघडत बसलो होतो तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं. मी तुम्हाला दोन ओळी मागत होतो आणि तुम्ही साबण पाठवत होतात. शी! माणसाने लबाडी करावी, पण दुसऱ्याला इतकं राबवू नये.

हे पत्र इथेच संपवून टाकावं असं वाटलं होतं. रात्रभर बरं वाटलं असतं. पण तुम्हाला एवढं बोलल्यावर माझंही सांगायला हवं.

फेब्रुवारीत यंत्र पास झालं तेव्हा टाकीत नऊ गोण्या पडल्या. मी ओतल्या. पाच रिकामी पोती मी स्वतःच्या हाताने रचली, खाली-वर, म्हणजे भरलेली असतील असं वाटावं. सही केली. चिमाबाई वल्हं घेऊन उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी तुम्हाला लिहिलं, लिहिण्यासारखं काही नाही. होतं.

आणि दुसरं. शेठना मी कामगारांची नावं दिली नाहीत, त्याचा मोठेपणा मी वर्षभर मिरवला. स्वतःशी, कुसुमशी, तुमच्याशी. कामगारांसाठी गप्प बसलो, असं. खरं असं की गोण्या उघडायची परवानगी मीच दिली होती. मे महिन्यात चिमाबाई विचारायला आली, कारखान्यात एवढं मीठ पडलंय, घरी चार किलो नेऊ का. मी म्हटलं, ने ना, समुद्राला काय कमी आहे. तिने इतरांना सांगितलं. आणि पहिली पिशवी कोणी नेली माहीत आहे? मी. दहा किलो. कुसुमने त्यात कैरीचं लोणचं घातलं. त्यातली एक बरणी तुम्ही मस्कतला नेलीत, पत्रात लिहिलं होतंत, तिकडे सगळ्यांनी बोटं चाटली म्हणून.

म्हणजे शेठनी पोलीस बोलावले असते तर यादीत पहिलं नाव माझंच होतं. म्हणून मी गप्प. कामगारांच्या आडोशाला उभा राहिलो इतकंच.

शिरखाडीला काळू अजून ढिल्या व्हॉल्ववर यंत्र चालवतो. लोक त्या पाण्याने भांडी घासतात. प्यायचं पाणी बाया दीड कोसावरून आणतात. इतर कंपन्या आता म्हणायला लागल्यात, की चाक-बिक काही खरं नाही, शिरखाडीला जाऊन बघा. हे ऐकून मला सगळ्यात जास्त राग येतो. चाक चांगलं आहे हो! ते बिचारं रोज दिलेला दाब इमानाने परत देतंय.

माझ्या तोंडाची चव गेली आहे. उत्तर पाठवू नका.

भगवंत


सिल्वासा, ११ फेब्रुवारी १९९३

राजेंद्र,

दीड वर्षाने लिहितोय. तुम्ही मध्ये दोन पत्रं पाठवलीत, फोडली नाहीत. हे मात्र तुम्हाला कळायला हवं, कारण त्यात तुमचं चाक आहे.

पाणी खात्याने आणखी तीन गावांसाठी यंत्रं मागवली. शिरखाडी पाहून कोणी कशी मागवेल, असं तुम्ही विचाराल. कागदावर शिरखाडी चालू आहे. गेल्या आठवड्यात पहिलं यंत्र पास करायला साहेब आले, नवीन, तिशीतले, सोबत कोणाला न घेता एसटीने आलेले. शेठ मुद्दाम मुंबईहून आले होते. मला सकाळीच निरोप आला, हमेशा की तरह.

मी सुकदेवला म्हटलं, रांधा गावच्या दुकानदाराकडून त्याचा वजनकाटा उचलून आण. काटा आणला. चिमाबाईने आणि गोकुळने एकेक गोणी काट्यावर चढवली. दोन कमी भरल्या, त्यांच्यात भर घातली. सातशे किलो. चौदाच्या चौदा टाकीत. गोकुळने विचारलं, "भाऊ, सगळ्याच?" मी म्हटलं, सगळ्याच. चिमाबाईने ढवळलं, ओठ चाटले आणि म्हणाली, "आते शे समुदर."

हे धाडस वगैरे समजू नका. मला फक्त पाच रिकामी पोती पुन्हा रचायची शिसारी आली होती. हात पुढे जाईना.

यंत्र सुरू केलं. दाब चढला, साठच्या पुढे. मोटार साडेबाराचीच होती, सात मिनिटांत पडली. शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी शेडमधली वीस हॉर्सपॉवरची मोटार आदल्या दिवशीच तयार ठेवली होती, ती जोडली. त्यात अर्धा तास गेला. मग यंत्र एक तास सलग चाललं. साहेबांनी स्वतः मीटर वाचला आणि टाकीतल्या पाण्याचा हिशेब केला. मी मोठ्याने सांगितलं, पाच पूर्णांक नऊ.

शेठ म्हणाले, "कुछ गड़बड़ है, मशीन नई है."

मी म्हटलं, गडबड नाही, हा खरा आकडा आहे. आधीचा चार पूर्णांक एक कमी मिठावर काढला होता. मीठ माझ्या ताब्यात असतं. कमी मी घातलं. सही माझी आहे.

राजेंद्र, तीन वर्षं मी या क्षणाला भीत होतो. कारखाना बंद होईल, ऑर्डर जाईल, पोलीस येतील, चिमाबाईच्या पोरांच्या तोंडचा घास जाईल. तो तरुण साहेब वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "पण पाच पूर्णांक नऊ उत्तम आहे. इतर सगळे साडेआठ-नऊ देतात. आमची अट सात होती. तुम्ही हे लपवलंत कशासाठी?"

शेठ हसले आणि म्हणाले, चला, चहा घेऊ.

ऑर्डर कायम राहिली, वीसच्या मोटारीसह. शेठ आता सगळ्यांना सांगतात, आमचं मशीन पाच पॉइंट नऊचं आहे, चोख. चिमाबाईला, सुकदेवला कोणी काही विचारलं नाही. मला त्याच संध्याकाळी घरी बसायला सांगितलं. कारण लिहिलंय, चाचणीत फेरफार. ते खरंच आहे, म्हणून मी भांडलो नाही.

खरं पुरलं असतं, राजेंद्र. अट सात होती. तुम्ही ती अट वाचली नव्हतीत, मी वाचली नव्हती, शेठनी वाचली असेल आणि चार पूर्णांक एक जास्त गोड वाटला असेल. आपण तिघांनी ज्याच्यासाठी एवढी घाण केली, ते कोणी मागितलंच नव्हतं.

भगवंत


सिल्वासा, ३ मार्च १९९३

राजाभाऊ,

काल शिरखाडीला जाऊन आलो. कोणी पाठवलं नव्हतं.

पंपाची खोली उघडीच होती. काळू आत झोपला होता. पडदे खराब झालेत, नळ्यांवर गंजाचे पोपडे. चाक मात्र मी हाताने फिरवलं तर अजून सरळ फिरतं. काळूने जयाबाईला बोलावून आणलं, ती आता पंचायतीत आहे. आणखी चार-पाच बाया आल्या.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मीठ, गोण्या, सही. म्हटलं, तुमचं यंत्र वाईट नव्हतं, मोटार लहान दिली. वीसची मोटार आणि नवे पडदे घातले तर गोड पाणी येईल. खात्याला अर्ज कसा करायचा तो लिहून आणलाय, तेवढा अंगठा किंवा सही करा. नव्या साहेबाला मी भेटलोय, तो नाही म्हणणार नाही.

जयाबाईने कागद हातात घेतला, वाचता येत नसावं, तरी बघत राहिली.

"म्हंजे नुसती मोटार?"

मी म्हटलं, हो. आणि आता पडदे.

"नुसत्या मोटारीपायी माझी सून गेली," ती बाकीच्या बायांना म्हणाली, मला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिची सून चंदा दीड कोस पाणी वाहून वाहून कंटाळली, पाठ धरली, आणि माहेरी गेली ती आलीच नाही. तिकडे नळ आहे. मुलगा आता होडीवरच राहतो. हे मला काळूने नंतर सांगितलं.

मी म्हटलं, माझी चूक झाली. ती तिथे अगदी बारीक वाटली, पण दुसरं काय म्हणणार?

जयाबाईने विचारलं, "हा तुला कवापासून ठावं व्हता?"

यंत्र बसवायच्या आधीपासून, मी म्हटलं.

"मग सांगितलंस कां नाय?"

राजाभाऊ, बसमध्ये मी या प्रश्नाची तीन-चार उत्तरं तयार केली होती. शेठ, पोलीस, चिमाबाई, तुम्ही. ती सगळी बाजूला ठेवली. म्हटलं, नोकरी होती.

तिने मान हलवली, जणू तेवढं तिला पटलं. मग विचारलं, "हाय अजून?"

म्हटलं, नाही. गेल्या महिन्यात गेली.

"मग आता आलास सांगाया," ती म्हणाली. अर्ज घडी करून कमरेला खोचला आणि हंडा घेऊन निघून गेली.

सांगायचं असेल तर आता सांगा, राजाभाऊ. तुमची नोकरी अजून आहे.

भगवंत